स्वरांचें लेखन आणि विद्येचें ऋण

विद्या लिहून ठेवावी कीं कंठांत जपावी, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. वेदविद्येपुरता तो एका प्रकारें मिटला. ग्रंथ छापले गेले आणि मुखपाठाची परंपराही राहिली. संगीताच्या बाबतींत मात्र तो अजून पुरता मिटलेला नाहीं. सात स्वरांचीं सात अक्षरें आणि त्यांच्या वर-खालीं द्यावयाच्या पांच-दहा खुणा, एवढें शिकण्यास हुशार मुलाला एक आठवडा पुरतो. इतक्या अल्प गोष्टींत नीतीचा प्रश्न कसला, असें कोणासही वाटेल. परंतु जें आजवर एकाच्या मुखांतून दुसऱ्याच्या कानांत जात होतें, तें कागदावर उतरलें म्हणजे त्यावर अधिकार कोणाचा, त्यांतलें टिकतें काय आणि मरतें काय, आणि लिहून घेणाऱ्यानें कोणतें कर्तव्य अंगावर घेतलें, हे प्रश्न त्या पांच-दहा खुणांच्या पाठीशीं उभे असतात.

प्रथम खुणांचाच विचार करूं. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं आपल्या क्रमिक पुस्तकांतून जी पद्धति रूढ केली, तिच्यांत शुद्ध स्वर म्हणजे नुसतें अक्षर. अक्षराखालीं आडवी रेघ दिली कीं तो स्वर कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ दिली कीं तो तीव्र. खालीं टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार, टिंब नाहीं तो मध्य. स्वर लांबवावयाचा तर पुढें आडवी रेघ, गीताचें अक्षर लांबवावयाचें तर अवग्रह. एका मात्रेंत दोन-चार स्वर बसवावयाचे असतील तर त्यांना खालून कमानीनें बांधावयाचें. मींड दाखवावयाची तर कमान वरून. ज्या स्वराला नुसता स्पर्श करावयाचा, तो कणस्वर बारीक अक्षरांत मुख्य स्वराच्या माथ्यावर. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आंकडे. बहुतेक बाराखडी येथें संपली. छापील ऋक्संहिता ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना अक्षराखालील आडवी व अक्षरावरील उभी रेघ ओळखीची वाटेल; तेथें मात्र त्यांचा अर्थ अनुदात्त व स्वरित असा आहे.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनींही आपली स्वतंत्र लिपि केली. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें ज्यांची दृष्टि अधू झाली, त्या पुरुषानें डोळ्यांनीं वाचावयाची स्वरलिपि रचावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्यांच्या लिपींत अक्षरावरील टिंबाचा अर्थ मंद्र सप्तक; तार सप्तकाला उभी रेघ. म्हणजे तेंच टिंब एका पुस्तकांत गळा वर चढवावयास सांगतें आणि दुसऱ्यांत खालीं उतरावयास! यावरून एक गोष्ट उघड होते. खूण आणि स्वर यांचा संबंध निसर्गानें जोडलेला नाहीं. तो मनुष्यांनीं आपसांत केलेला करार आहे. ज्याला आपण कधीं पाहिलें नाहीं त्याच्या लेखावर विश्वास ठेवावयाचा, आणि आपण लिहूं त्यानें अनोळखी वाचक फसणार नाहीं अशी काळजी घ्यावयाची, हीं या कराराचीं दोन कलमें. मुलाला स्वरलिपि शिकवितांना आपण संगीत किती शिकवितों हें सांगवत नाहीं. परंतु प्रामाणिकपणाचा एक धडा त्यास नकळत देतों, यांत संशय नाहीं.

आतां न लिहिल्यानें काय होतें तें पाहूं. धाराशिव जिल्ह्यांतलें तेर हें गांव या बाबतींत उत्तम साक्षीदार आहे. प्राचीन काळीं हें तगर नांवाचें व्यापारी नगर होतें. पेरिप्लस या ग्रीक भाषेंतल्या सागरी वाटाड्या-पोथींत आणि टॉलेमीच्या भूगोलांत त्याचें नांव आलें आहे, म्हणूनच पुढें फ्लीटसारख्या संशोधकाला तगर म्हणजे तेर हें ओळखतां आलें. नगराचें वैभव गेलें. एका परक्यानें लिहिलेली ओळ राहिली. याच गांवीं तेराव्या शतकांत गोरोबाकाका झाले. त्यांचे अभंग, थोडे का होईना, आज वाचावयास मिळतात. पण ते कोणत्या चालीवर म्हणत, कोणता स्वर धरून शब्द सोडीत, हें जाणण्यास कांहीं साधन उरलेलें नाहीं. वारकऱ्यांच्या मुखांत आज ज्या चाली आहेत त्यांत एखादी तितकी जुनी असेलही. परंतु ती अमुकच, असें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. जी गोष्ट गोरोबांची तीच ज्ञानदेव-नामदेवांची. आपण संतांचें वाङ्मय जतन केलें असें अभिमानानें म्हणतों; वस्तुतः ज्याला ते भजन म्हणत, त्याचा अर्धाच भाग जतन केला.

त्याच शतकांत मराठवाड्याच्याच भूमीवर, देवगिरीस, सिंघण यादवाच्या पदरीं शार्ङ्गदेव संगीतरत्नाकर लिहीत होता. त्यानें स्वर अक्षरांनीं मांडून ठेवले आहेत. तरी ते आज जसेच्या तसे गाऊन दाखवा म्हटलें, तर पंडितांत मतभेद उभा राहतो. कारण त्या ग्रंथांतलें शुद्ध सप्तक आजचें नव्हे, आणि अक्षराला अर्थ देणारी गुरुशिष्यांची सांखळी मध्येंच तुटली. तेरेस शब्द राहिले आणि स्वर गेले. देवगिरीस स्वरांचीं अक्षरें राहिलीं आणि गळा गेला. एकाच काळच्या या दोन हानि शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे वादाच्या दोन्ही बाजूंचें म्हणणें किती खरें आहे तें कळतें.

स्वरलेखनाला विरोध करणाऱ्या जुन्या उस्तादांना आपण सहज ‘कृपण’ म्हणून मोकळे होतों. हा न्याय नव्हे. ज्याला शेतवाडी नाहीं, त्याची बंदिश हीच त्याची मिळकत. बंदिशी जांवयाला आंदण दिल्याच्या गोष्टी गवयांत सांगतात, त्या ऐकून आपण हंसतों. पण आंदण देणारा बाप दागिना लोकांपुढें उघडा टाकीत नाहीं, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. शिवाय त्यांचा दुसरा आक्षेप पोटाचा नसून शास्त्राचा होता. दरबारी कानड्याच्या कोमल गांधाराखालीं जी रेघ, तीच भीमपलासीच्या गांधाराखालीं. परंतु दरबारींतला गांधार हळूहळू झुलणारा, आंदोलित. भीमपलासींतला तसा नव्हे. रेघ दोघांनाही ‘कोमल’ एवढेंच म्हणते. जो केवळ रेघ वाचून गाईल, त्याच्या मुखांतून अक्षर निघेल, राग निघणार नाहीं. आणि वाईट हें, कीं आपण राग गाइला असें त्यास खरोखर वाटेल. अज्ञानापेक्षां ज्ञानाचा हा भास अधिक घातक, असें उस्तादांचें म्हणणें होतें.

या आक्षेपाचें उत्तर पुन्हा तेरेच्याच कुंभारवाड्यांत सांपडतें. आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. संतांचा मेळा जमला असतां गोरोबांनीं थापटणें हातांत घेऊन एकेकाच्या मस्तकावर थाप दिली. बाकीचे स्तब्ध राहिले. नामदेव तेवढे चिडले. हें मडकें कच्चें, असा निवाडा झाला, आणि पुढें नामदेव विसोबा खेचरांस शरण गेले. नामदेवांच्या ठिकाणीं भक्ति नव्हती असें कोणी म्हटलें नाहीं; उणीव होती ती गुरूची. गुरूवांचून विद्या पक्की होत नाहीं, हा कथेचा प्रसिद्ध अर्थ. पण कुंभाराच्या अंगानें पाहिलें तर तिच्यांत दुसराही अर्थ आहे. कच्चें मडकें भाजावें लागतें. तें फेंकून द्यावें असें कोणताही कुंभार म्हणत नाहीं. चाकावर आकार आल्यावांचून आव्यांत ठेवणार काय? स्वरलिपि म्हणजे चाकावरचा आकार. ती पक्केपणाचा दावा करूं लागली तर खोटी. पण कच्ची म्हणून तिला टाकणें म्हणजे आव्याच्या प्रेमानें चाक मोडणें होय. आणि पक्केपणाची परीक्षा गोरोबांनीं केली ती थाप मारून, नाद ऐकून. स्वरलिपि वाचणाऱ्याचीही परीक्षा शेवटीं कानानेंच व्हावयाची, डोळ्यानें नव्हे.

आजच्या काळीं कोणी विचारील, कीं १९०२ सालीं हिंदुस्थानांत गाण्याच्या तबकड्या निघूं लागल्या, आतां तर प्रत्येकाच्या हातांतल्या मोबाईलमध्यें ध्वनि टिपतां येतो. मग रेघा-टिंबांचें काम काय राहिलें? काम राहिलें आहे, आणि तें महत्त्वाचें आहे. यंत्र जें कानीं पडेल तें सर्व घेतें: मुख्य स्वर, कणस्वर, गायकाचा खोकला आणि रस्त्यावरचा कर्णा. त्याला निवड ठाऊक नाहीं. लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक ठिकाणीं ठरवावें लागतें, कीं हा स्वर चालीचा आधार आहे, हा केवळ त्या दिवसाचा अलंकार आहे. यंत्र सांगतें, ‘अमक्यानें अमक्या वेळीं असें गाइलें’. लिपि सांगते, ‘या चालींत हें सोडूं नका, एवढ्यापुरते तुम्ही मोकळे आहां’. पहिली साक्ष आहे, दुसरा निर्णय आहे. आणि निर्णय देणाऱ्यावर जबाबदारी असते.

ही जबाबदारी कोणापाशीं, याचें उत्तर तुळजापुराकडे पाहिलें म्हणजे स्पष्ट होतें. तेथील भवानी ही महाराष्ट्रांतल्या असंख्य घराण्यांची कुलदेवता. लग्नकार्य उरकलें म्हणजे तिच्या नांवानें आपल्या अंगणांत गोंधळ घातला जातो. संबळ वाजतो, तुणतुणें आणि झांज साथ देतात, दिवटी पाजळते, आणि गोंधळी देवतांना एकेकीचें नांव घेऊन पाचारण करतो. ही विद्या बापापासून मुलाकडे, अक्षराचा आधार न घेतां आली. ज्या वर्षीं मुलगा दुसऱ्या धंद्याला लागतो, त्या वर्षीं ती थांबते. आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं, कारण आपल्या घरांतलींही मुलें आपण बापाच्याच धंद्याला बांधून ठेविलीं नाहींत. तेव्हां हीं गाणीं लिहून ठेवावीं काय? निःसंशय ठेवावीं. पण लिहिणारा सुशिक्षित आणि गाणारा निरक्षर, अशी वांटणी कायम राहिली तर त्या लेखनांत एक अन्याय दडलेला राहील. आपण कागदावर काय मांडलें हें ज्याचें गाणें त्यालाच वाचतां येणार नाहीं. आपली चूक त्यास दाखवितां येणार नाहीं. आणि दोन पिढ्यांनंतर त्याचाच नातू आपल्या पुस्तकावरून ‘शुद्ध’ चाल शिकेल. करार एकाच पक्षानें लिहावा आणि दुसऱ्यानें अंगठा उठवावा, तसाच हा प्रकार होय.

म्हणून स्वरलिपीच्या प्राथमिक खुणा हौशी कुटुंबांतल्या मुलामुलींना जितक्या अगत्यानें शिकवावयाच्या, तितक्याच अगत्यानें त्या गोंधळ्यांच्या आणि आराध्यांच्या मुलांना शिकविल्या पाहिजेत. त्यांना गाणें शिकवावें म्हणून नव्हे. तें त्यांना आपल्याहून चांगलें येतें. आपल्या आजाचा स्वर कोणी टिपून नेला, तर तो बरोबर टिपला काय हें त्यांना तपासतां यावें म्हणून. भातखंडे आणि पलुसकर यांनीं कोठीबंद विद्या मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत आणली, हें त्यांचें मोठें ऋण आपल्यावर आहे. ऋण फेडण्याची रीत धनकोला परत करणें एवढीच नसते. आपणांस जें मिळालें तें पुढच्या दारीं पोंचविणें हीही एक रीत आहे, आणि विद्येच्या बाबतींत तीच खरी. आठवड्याभरांत येणारी एवढीशी लिपि ज्याच्यापाशीं आहे, त्यानें ती आपल्यापाशींच ठेवली, तर ज्या कृपणपणाचा ठपका आपण उस्तादांवर ठेवतों, तोच आपल्या माथीं येईल. आणि त्यांच्याजवळ निदान पोटाची सबब तरी होती.