सक्ती आणि संयम

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग कोणत्या भाषेतून शिकवावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो शिक्षणाच्या नीतीचा आहे. उस्मानपुऱ्यातील शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारा मुलगा तीन वर्षांत पदविका घेऊन पोटापाण्यास लागणार. तेव्हा सत्वर नोकरी देईल तीच भाषा शिकवावी, असे पालक म्हणतील. आणि हे म्हणणे उपेक्षणीय खास नाही. परंतु भाषा पालटतात. ही विचारपद्धती नॉर्वेतील डाल व न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ मध्ये प्रथम आकारास आली. पुढे १९८५ मध्ये सी प्लस प्लस बाजारात आली, १९९१ मध्ये पायथन आणि १९९५ मध्ये जावा. सिम्युला मागे पडली, विचार टिकला. म्हणून त्या विचाराकडेच आधी पाहिले पाहिजे.

बँकेचे खाते हा एक ऑब्जेक्ट समजा. त्यातील शिल्लक भरणा आणि उचल या दोनच वाटांनी बदलावी. बाहेरच्याने परस्पर आकडा फिरवू नये. जावात किंवा सी प्लस प्लसमध्ये शिल्लक ‘प्रायव्हेट’ ठरविली, की तिला बाहेरून हात घालणारा प्रोग्रॅम कंपायलरच नाकारतो. पायथनमध्ये नावाआधी एक अधोरेषा द्यावयाची. ‘येथे हात लावू नये’ एवढेच ती सुचविते. लावल्यास अडविणारे कोणी नाही.

एकीकडे कायदा, दुसरीकडे शिष्टाचार. आरंभ कशाने करावा? सक्तीने मुले अर्थ न जाणता घोकंपट्टी करतात, असा आक्षेप येईल, आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. तरीही आरंभ सक्तीनेच व्हावा, असे आम्हांस वाटते. ज्याने शेताचा बांधच पाहिला नाही, त्यास बांध कोरणे हा अपराध कसा कळावा? कंपायलरने अडविले म्हणजे मुलगा ‘का?’ म्हणून विचारतो, आणि शिक्षकाचे खरे काम तेथे सुरू होते.

राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ च्या अभ्यासक्रमात संगणकशाखेस तिसऱ्या सत्रात सी प्लस प्लस, चौथ्यात जावा व सहाव्यात पायथन असा क्रम होता. हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. मात्र तीन प्रश्नपत्रिकांसाठी तीन व्याकरणे, एवढेच त्याचे स्वरूप राहिले तर तो व्यर्थ होय. अडविणारे कोणी नसताही हा मुलगा दुसऱ्याच्या शिलकेस हात लावीत नाही ना, हे पायथन शिकविणाऱ्याने पाहावे. उद्या त्याच्या हाती लोकांची खरी खाती येणार आहेत.