उसवावे की राहू द्यावे?



दिवाळी झाली की शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे थंडीत त्यांची लेकरे अनवाणी फिरताना दिसतात. म्हणून आम्ही पाच-सहाजणी मिस्सा आटोपून कामथडीतल्या एका घराच्या पडवीत मोजे विणायला बसू लागलो. जन्मभर स्वेटर विणलेले. मोजा तो काय, असे वाटले!

स्वेटरचे भाग सपाट विणून शिवता येतात. मोज्याला शिवण नको, ती पायाला टोचते. म्हणून तो गोल विणायचा. चाळीस टाके चार सुयांवर वाटायचे आणि पाचवीने विणायचे. एक सुई सावरावी तर दुसरी निसटते, आणि दोन सुयांच्या सांध्यावर शिडीसारख्या फटी पडतात. मग आमच्यातल्या एकीच्या नातीने लांब तारेची गोल सुई आणली. टाके दोन भागांत वाटायचे, मधली तार फासासारखी बाजूला ओढून ठेवायची, की एकाच सुईवर मोजा होतो. होतो म्हणजे तिचा होतो. “आजी, पुन्हा तार उलट्या बाजूने ओढलीत,” असे तिने चौथ्यांदा म्हटल्यावर आम्हांला राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता हे कळायला संध्याकाळ झाली.

खरा वाद टाचेपाशी झाला. टाच निम्म्या टाक्यांवर उलट-सुलट विणायची, मग दोन-दोन टाके एकत्र घेत वळवायची. एकीचे मोजताना चुकले आणि आत गाठ आली. उसवायचे तर दुपार वाया जाणार. कोणी म्हणाले, “राहू दे गं, कोणाला दिसणार आहे? फुकटच तर द्यायचेत.”

हे शेवटचे वाक्य आम्हांला खुपले. स्वतःच्या नातवासाठी आपण असे म्हटले असते का? गाठ डोळ्याला दिसत नाही, पण चालणाऱ्या टाचेला पहिल्या दिवशीच कळते. ती उसवलीच पाहिजे होती.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्यातील एक भगिनी घोट्यावरची नक्षी एका टाक्याने सरकली म्हणून तीनदा उसवत बसली. त्या नक्षीने कोणाचा पाय दुखणार नव्हता. ती सरळ होईपर्यंत टोळी दुसऱ्या गावी गेली, आणि ज्या मुलीच्या मापाचा मोजा होता ती तशीच अनवाणी गेली. आळसापेक्षा ही चूक धाकटी आहे, असे आम्हांला म्हणवत नाही. तिथे उसवणे मुलीसाठी नव्हते, आमच्या नावासाठी होते.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात सुमारे 1400 सालची बुक्स्टेहुडची वेदीचित्रे आहेत. त्यांतल्या एकात पवित्र मरिया चार सुयांवर बिनशिवणीचा सदरा गोल विणते आहे. समोर देवदूत क्रूस आणि भाला घेऊन उभे आहेत, बाळ येशू त्यांच्याकडे वळून पाहतो आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शिपाई ज्या अखंड झग्यावर चिठ्ठ्या टाकतात, त्याचीच ही आठवण. आम्ही मात्र ते चित्र पाहून आधी टाके मोजू लागलो!

गाठीचा मोजा त्याच दिवशी टाचेपर्यंत उसवला. लोकर जुन्या वळणाने कुरळी राहते, तरी विणता येते. जोडीतला दुसरा मोजा अजून सुईवरच आहे.