धोका किती, आणि कुणाच्या घरात?

एप्रिल २०२४ च्या अखेरीस ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात दिलेली कबुली आपल्याकडे बातमी होऊन आली. कोविशील्ड हे जिचे भारतीय नाव, ती लस अत्यंत विरळ प्रसंगी रक्तात गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेटची घट असा विकार घडवू शकते, अशी ती कबुली. पुढे बरेच दिवस नगर जिल्ह्यात पारनेरपासून पाथर्डीपर्यंत पारावर, एसटीत, दवाखान्यांच्या बाकड्यांवर एकच वाक्य फिरत होते: ‘आपल्याला फसवलं.’ शिकलेल्यांचे उत्तरही ठरलेले होते: ‘लोक अडाणी आहेत.’

गंमत अशी की कबुलीत नवे काही नव्हते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजीच सांगितले होते की कोविशील्डनंतर गुठळ्यांचे २६ संभाव्य रुग्ण आढळले. दहा लाख डोसमागे ०.६१ असे ते प्रमाण. लस घेतल्यापासून वीस दिवसांत कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवावे, हेही त्या वेळी जाहीर झाले होते. माहिती होती, पण पत्रकात होती. टोचून घेणाऱ्याच्या हाती जे प्रमाणपत्र पडले त्यावर पंतप्रधानांचा फोटो होता, वीस दिवसांची ती लक्षणे नव्हती.

या वादातले काही पक्ष मी एकेका वाक्यात बाजूला ठेवतो. रोग स्वच्छतेने गेले, लसीने नाही, असे म्हणणाऱ्यांनी गावात एक चक्कर मारावी: देवी १९७५ नंतर देशात दिसल्या नाहीत, उकिरडे जागच्या जागी आहेत. गोवर ‘होऊन गेलेला बरा’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसावे की गोवर शरीराने आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो. आणि सुईतून चिप टोचली जाते म्हणणाऱ्यांशी बोलायला मला सवड नाही.

मला खरोखर घातक वाटते ते मत लसविरोधकांचे नाहीच. ते लसीच्या बाजूने असलेल्या, भल्या, सुशिक्षित माणसांचे आहे. ती म्हणतात: रिॲक्शनची चर्चा चव्हाट्यावर नको. लोक घाबरतात, लसीकरण घसरते, मुले मरतात. यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही, आणि त्यांच्याजवळ पुरावाही आहे. सर्वांत भक्कम पुरावा जपानचा. तिथे १९७४-७५ च्या हिवाळ्यात डांग्या खोकल्यावरच्या त्रिगुणी लसीनंतर दोन बालके दगावली. गवगवा झाला, सरकारने लस थांबवली. ती पुन्हा सुरू झाली तरी लोक परतले नाहीत. १९७९ मध्ये डांग्या खोकल्याचे सुमारे तेरा हजार रुग्ण झाले, ४१ जण मेले.

पण जपानची गोष्ट इथे संपत नाही आणि मौनवाले ती इथेच संपवतात. जपानने चूक केली ती लस थांबवण्याची, बोलण्याची नव्हे. त्या बोलण्यातूनच तिथल्या शास्त्रज्ञांवर जंतूचे नेमके अंश घेऊन सौम्य लस बनवण्याची वेळ आली, आणि १९८१ मध्ये ती वापरात आली. आज नगरच्या खासगी बालरोगतज्ज्ञाकडे ‘पेनलेस’ म्हणून जी महाग लस मिळते, ती त्याच कुळातली. तक्रार दाबली असती तर ती सुधारणा कधी झाली असती, याचे उत्तर मौनवाल्यांनी द्यावे.

दुसरे असे की मौन पाळायचे कुणापासून? सरकारी उपकेंद्रात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला जो पेंटा देतात, त्यात डांग्या खोकल्याचा मारलेला अख्खा जंतू असतो. शरीर त्याला ओळखते, पेटून उठते. त्या रात्री बाळाला ताप येतो, मांडी सुजते, ते किंचाळून रडते. ही प्रतिकारशक्ती कामाला लागल्याची खूण आहे. आधी सांगितले असेल तर आई ताप मोजते आणि सिस्टरने दिलेले पॅरासिटामॉल पाजते. सांगितले नसेल तर तोच ताप तिच्या लेखी फसवणुकीचा पहिला पुरावा ठरतो, आणि पुढच्या सत्राला आशाताई दारात आल्या की सासू सांगते, ‘पोर गावाला गेलंय.’ जे मांडीवर तापलेले आहे ते झाकायचे कसे?

तिसरे, आणि मला सर्वांत खटकणारे: मौनामागे एक गृहीत दडलेले आहे की खेड्यातल्या बाईला दोन गोष्टी एकदम समजत नाहीत. लस हिताचीही आहे आणि क्वचित अपायही करते, एवढे तिच्या डोक्यात मावणार नाही. या गृहीताला याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी उत्तर मिळाले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावोगावच्या, बहुधा शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. जामखेडची कथा आपण ‘जनजागृती’ या एका शब्दात गुंडाळून टाकतो. मला तिच्यात वेगळे दिसते. जी बाई लस घ्या म्हणून सांगत होती ती दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याच गावात होती. तापाचा जाब तिला विचारता येत होता.

(आणि जे मुळात सत्रापर्यंत पोचतच नाहीत, त्यांना तर कुणी अडाणी म्हणूच नये. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बाळ नऊ महिन्यांचे होते, गोवर-रुबेलाचा डोस पडतो, तेव्हा ते कारखान्याच्या तळावर कोपीत असते. त्याच्या आईला भित्तिपत्रक नको, तळावर येणारी सिस्टर हवी.)

आता मुद्द्यावर येतो. धोका लहान असणे आणि धोका वाटून घेतलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली सगळी चर्चा पहिलीवर चालते. दहा लाखांत ०.६१ हा आकडा खरा मानू. पण तो लोकसंख्येचा आकडा आहे. घराला तो लागू होत नाही. लसीचा लाभ पसरतो, ज्याने टोचून घेतले नाही अशा शेजारच्या तान्ह्यालाही तो मिळतो. अपाय मात्र पसरत नाही, तो अख्खाच्या अख्खा एका उंबऱ्याच्या आत येतो. गारपीट एका शिवारात होते म्हणून पीकविम्याचा भार सगळ्यांत वाटायचा, हे ज्या राज्याला कळते त्याला हे कळायला अवघड नसावे.

लस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी सांगितले की कुणावर लसीची सक्ती करता येणार नाही, आणि दुष्परिणामांची माहिती लोकांना उपलब्ध करून द्यावी. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने त्याच न्यायालयात भूमिका घेतली: लस ऐच्छिक होती, मृत्यूंसाठी सरकार जबाबदार नाही, कुटुंबांनी दिवाणी न्यायालयात जावे. ज्या राज्यात ऑगस्ट २०२१ पासून दोन डोसशिवाय मुंबईच्या लोकलमध्ये चढता येत नव्हते, तिथे ही ‘ऐच्छिकता’ किती पातळ होती ते वेगळे सांगायला नको. त्याहून मोठी अडचण दुसरी आहे. दिवाणी न्यायालयात कुणाचा तरी हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. इथे कंपनीने लस नीट बनवली, सिस्टरने नीट टोचली, आणि एखाद्याच्या शरीरानेच प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. दोषी कुणीच नाही. म्हणून भरपाईही कुणीच देत नाही.

दोषी शोधण्याची ही सवय जुनी. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला प्लेगच्या लसीनंतर १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांना निलंबित केले गेले. मुंबईत लस तयार करून १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेणाऱ्या या माणसावरचा ठपका पुसायला १९०७ उजाडले. इतिहासात हाफकिन यांची कहाणी राहिली. त्या एकोणीस जणांच्या घरांचे काय, हे विचारण्याची रीत आपल्याकडे पडली नाही.

दोषी न शोधता भरपाई देण्यासाठी ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा केला. अमेरिकेने १९८६ मध्ये, आणि तिथला निधी लसीवरच्या छोट्या करातून उभा राहतो. भरपाई दिली तर लस वाईट असल्याची कबुली होईल, असे आपले मौनवाले म्हणतील. नसबंदीनंतर मृत्यू झाला तर आपलेच सरकार कुटुंबाला भरपाई देते. त्यामुळे नसबंदी वाईट आहे असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही, शस्त्रक्रियाही थांबलेल्या नाहीत. लसीकरण सत्राच्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो झळकतात त्या आमदार-खासदारांनी एवढेच मागावे: गोवरापासून कोविडपर्यंत सरकार देते त्या प्रत्येक लसीसाठी, कुणाचा दोष सिद्ध करण्याची अट न घालता भरपाई देणारा कायदा.