अन्न आल्यानंतरची सत्तर मिनिटं

बसा. खांदे सैल सोडा.

श्वास येतोय, जातोय. येऊ द्या, जाऊ द्या.

डोळे मिटून एका पेशीकडे पाहा. एकाच. लांबट, गोल टोकांची. लांबी मिलिमीटरचा जेमतेम पाचशेवा भाग. उघड्या डोळ्यांना ती दिसलीच नसती.

१९५८ सालचं कोपनहेगन. प्रयोगशाळेत काचेचा चंबू, त्यात साल्मोनेला जिवाणू. ३७ अंशांची ऊब. अन्न बेताचंच.

आपली पेशी त्यात आहे. सावकाश वाढते, दोन होते.

शेजारी शास्त्रज्ञ मॉलो आणि त्यांचे सहकारी मोजमाप करत आहेत. त्यांना मोजू द्या. आपण फक्त पाहू.

आता चंबूत सकस अन्न येतं.

थांबा. तिच्यापाशीच थांबा.

वाटतं, आता ती भराभर दोन होईल. होत नाही.

आत मात्र हालचाल आहे. आरएनए जोरात तयार होऊ लागतो. मग वजन वाढतं. वीसेक मिनिटांनी डीएनएचाही वेग वाढतो.

विभाजन? जुन्याच चालीनं.

श्वास घ्या. ती फुगते आहे, भरते आहे. अजून जुनीच चाल.

सोडा.

अशी सुमारे ७० मिनिटं. मग एकाएकी वेग बदलतो. सकस अन्नातली पेशी आता आकारानंही मोठी.

मला यातली ही दिरंगाईच सगळ्यात सुंदर वाटते. आणि ती आळसाची नाही.

का, ते ई. कोलाय या तिच्या जवळच्या नात्यातल्या जिवाणूत नंतर उलगडलं. तिथे डीएनएची नक्कल पुरी व्हायला ४० मिनिटं लागतात, पुढे दोन पेशी सुट्या व्हायला आणखी २०. मिळून एक तास. तरी भरपूर अन्नात ती दर २० मिनिटांनी दोन होते.

कसं?

यावर जरा रेंगाळा.

पहिली नक्कल संपण्याआधीच दुसरी सुरू होते. दुसरी संपण्याआधी तिसरी. आत्ता दोन होणाऱ्या पेशीसाठीची नक्कल तिच्या आजीच्या पोटातच सुरू झालेली असते.

पुन्हा पाहा. आजी. आई. ही.

म्हणून नवं अन्न आलं, तरी आधी सुरू झालेलं आपल्या वेळेनंच पुरं होतं.

सावकाश डोळे उघडा.

अन्न कमी केलं तरी हेच. वाढ लगेच थांबते, पण सुरू झालेली नक्कल पुरी होते, विभाजन काही काळ चालूच राहतं आणि पेशी लहान होत जातात.