सही तुमचीच आहे ना?

गेल्या पावसाळ्यात एका क्रेडिट कार्ड कंपनीने मला माझाच आवाज ईमेलने पाठवला. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग. त्यात एक मुलगी काहीतरी भरभर वाचून दाखवते आहे आणि मी मधून मधून ‘हो’, ‘बरं’ करतो आहे. मागे आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. शेवटी ती विचारते, “सर, तुमची याला संमती आहे ना?” आणि मी म्हणतो, “हो हो.”

प्रकरण साधं होतं. मुलीने आग्रह केला म्हणून निवृत्तीनंतर मी कार्ड घेतलं. रेल्वेची तिकिटं, विजेचं बिल, बायकोची औषधं, एवढाच त्याचा उपयोग. बिलाची रक्कम दर महिन्याला खात्यातून आपोआप वळती होते, त्यामुळे बिल उघडून बघायची सवय लागलीच नाही. एकदा सहज उघडलं, तर त्यात ३४९ रुपयांची एक ओळ. मागची बिलं काढली. सव्वीस महिने तीच ओळ. कार्ड हरवलं, चोरीला गेलं तर संरक्षण देणारा विमा म्हणे. एकूण ९,०७४ रुपये. मी हा विमा कधी मागितला नव्हता, असं तावातावाने कळवलं. त्यावर हे रेकॉर्डिंग आलं, आणि सोबत एक ओळ: आपल्या संमतीनेच ही सेवा सुरू करण्यात आली आहे. पॉलिसीचा कागदही त्यांनी तेव्हाच पाठवला होता. जाहिरातींच्या ईमेलमध्ये तो न उघडता पडून होता.

एखाद्या गृहस्थाची अशी फसगत झाली तर त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पण मी एकतीस वर्षं एका सरकारी विमा कंपनीत नोकरी केली, आणि त्यातली बरीचशी क्लेम विभागात. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला “सही तुमचीच आहे ना?” असं मी किती वेळा विचारलं असेल, याची गणती नाही. हा प्रश्न विचारला की संभाषण संपतं. माणूस ‘हो’ म्हणतो आणि कागद गोळा करायला लागतो. या वेळी कागद मी गोळा करत होतो.

क्लेम विभागाबद्दल लोकांचं मत काय असतं ते मला ठाऊक आहे. प्रीमियम घेताना गोड, द्यायची वेळ आली की हात आखडते. ते अगदीच खोटं नाही. पण टेबलाच्या आमच्या बाजूनेही काही दिसत असे. गाडीला मागून धक्का लागला की गॅरेजवाल्याच्या अंदाजपत्रकात पुढचा जुना पोचाही यायचा. दुकान जळालं की जळालेला माल दुकानात मावणार नाही इतका भरायचा. अपघाताच्या वेळी गाडी चालवणारा भाचा कागदावर येईपर्यंत लायसन असलेला काका झालेला असायचा. हे करणारे दरोडेखोर नव्हते. देवाधर्माचे, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारे लोक होते. विचारलं तर म्हणत, “इतकी वर्षं भरतोय साहेब, एकदा तरी वसूल व्हायला नको का?”

मला वाटतं, आपल्याकडे विमा लोकांना भिशीसारखा समजला आहे. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो, लागायलाच हवा. विम्यात आपला नंबर न लागणं हेच भाग्य. ज्याचं घर जळालं नाही त्याच्या पैशातून ज्याचं जळालं त्याला द्यायचं, एवढीच ती व्यवस्था. म्हणून खोटा क्लेम कंपनीला बुडवतो हे पूर्ण खरं नाही. खोट्या क्लेमचा भार पुढच्या वर्षीच्या प्रीमियममधून खरं बोलणाऱ्या ग्राहकावर पडतो. त्या पैशाचा राखणदार म्हणून मी तिथे बसलो आहे, असं मी मानत असे. आजही मानतो. सगळेच ग्राहक भाबडे आणि सगळ्याच कंपन्या लबाड, ही मांडणी मला पटत नाही.

पण रेकॉर्डिंग ऐकलं त्या रात्री मला आठवले ते लबाड ग्राहक नव्हेत. आठवले ते सांगलीचे एक दिवाणजी.

१९९८ साल. मी सांगलीच्या शाखेत होतो. हे गृहस्थ मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचे. अर्धांगाचा झटका आला, मिरजेला दवाखान्यात ठेवलं, खर्च बासष्ट हजारांच्या आसपास गेला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मेडिक्लेम घेतला होता. क्लेमच्या कागदांत दवाखान्याचा केसपेपर होता आणि त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: मधुमेह, सहा वर्षं. मी प्रपोजल फॉर्म काढला. ‘आपणास मधुमेह आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ होतं. माहिती दडवली, क्लेम नामंजूर. नियमाने यात चुकीचं काही नव्हतं.

फॉर्म इंग्रजीत होता. उत्तरं निळ्या बॉलपेनने, इंग्रजी मोठ्या अक्षरांत भरलेली. सही काळ्या शाईची, मराठीत, हिशेबनीसाच्या वळणदार अक्षरातली. अशा वेळी फॉर्मच्या तळाशी आणखी एक मजकूर असतो: वरील प्रश्न मी प्रस्तावकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले आहेत. त्याखाली एजंटची सही होती, त्याच निळ्या पेनची.

दिवाणजींचा मुलगा भेटायला आला. एकवीस-बावीस वर्षांचा असेल. त्याचं म्हणणं, वडिलांनी एजंटला साखरेची गोळी चालू असल्याचं सांगितलं होतं, आणि एजंट म्हणाला होता, “गोळीच ना? इन्सुलिन नाही ना? मग काही नाही.” हे खरं होतं की नाही ते मला कळायला मार्ग नव्हता. म्हणजे मार्ग होता. एजंटला बोलावून विचारता आलं असतं. पण तो शाखेचा पहिल्या नंबरचा एजंट होता आणि मार्चअखेर तोंडावर आली होती. मुलाने फॉर्म माझ्याकडे वळवून विचारलं, “साहेब, हा कुणी भरलाय ते दिसतंय ना तुम्हाला?” मी विचारलं, “सही तुमच्या वडिलांचीच आहे ना?”

तो ‘हो’ म्हणाला आणि कागद गोळा करून गेला. ग्राहक मंचात जाता येतं, हे मी त्याला सांगितलं नाही. ते सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं.

विम्याच्या परीक्षांसाठी आम्ही जे शिकलो, त्यात पहिलं तत्त्व परम सद्भावाचं. विमा घेणाऱ्याला स्वतःबद्दल जे माहीत असतं ते कंपनीला माहीत नसतं, म्हणून त्याने सगळं सांगितलंच पाहिजे. या तत्त्वाचं मूळ १७६६ सालच्या एका इंग्रजी खटल्यात आहे, कार्टर विरुद्ध बोएम. सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा एक किल्ला होता, फोर्ट मार्लबरो. तिथला गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याच्या धोक्याचा लंडनमध्ये विमा उतरवला. किल्ला फ्रेंचांनी घेतला. विमा देणारा बोएम म्हणाला, किल्ला कमजोर आहे हे मला सांगितलं नव्हतं. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सद्भावाचं तत्त्व मांडलं ते या निकालात. आम्ही ते पाठ केलं.

निकाल कोणाच्या बाजूने लागला, हे मात्र मी कित्येक वर्षं बघितलं नव्हतं. तो लागला गव्हर्नराच्या बाजूने. मॅन्सफिल्ड यांच्या म्हणण्याचा आशय असा: युद्ध चालू आहे, किल्ला दूर आहे, हे लंडनच्या माणसाला ठाऊक होतं. हवं तर त्याने विचारायचं होतं. न विचारता प्रीमियम घेतला, तेव्हा ती जोखीम त्याने पत्करलीच. सद्भाव दोन्ही बाजूंना बांधतो. ग्राहकाच्या तोंडावर आम्ही जे तत्त्व फेकत आलो, त्याचा जन्म ग्राहकाला न्याय देताना झाला होता.

कायदा पुढे असाच राहिला असं नाही. १९३४ साली वेल्समधल्या एका कॅफेवाल्या बाईंचा खटला झाला. त्यांनी सिगारेट विकण्याचं यंत्र घेतलं, एका तपकिरी कागदावरचा बारीक मजकूर न वाचता सही केली, आणि यंत्र बंद पडू लागलं. न्यायालय म्हणालं, सही केली म्हणजे बांधल्या गेलात, वाचलं असो वा नसो. मात्र निकाल देणाऱ्यांपैकी एक न्यायमूर्ती, फ्रेडरिक मॉम (कादंबरीकार सॉमरसेट मॉम यांचे थोरले भाऊ), यांनी निकाल देतानाच त्याबद्दल खेद नोंदवला. मला त्या खेदाचं मोल वाटतं. सही बांधते हे मान्य करूनही आणखी काहीतरी उरतं, हे त्यांना दिसलं होतं.

काय उरतं?

कार्डाचंच उदाहरण घेऊ. बिलावर एक रक्कम असते, किमान देय. समजा पन्नास हजार थकले आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे अडीच हजार. महिना साडेतीन टक्के दराने व्याज झालं १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. अडीच हजार भरून मुद्दल कमी झालं ४३५ रुपयांनी. एवढीच रक्कम भरत राहिलात तर परतफेड वर्षानुवर्षं चालेल, ही सूचना बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, आणि ती छापलेली असतेही. तेव्हा ‘सांगितलं नव्हतं’ असं ग्राहकाला म्हणता येत नाही. पण ‘किमान’ हा शब्द निवडणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं की दमलेला माणूस तेवढंच भरेल. तो माणूस नेमका कुठे चुकेल, याच्यावर हा धंदा उभा आहे.

ग्राहकाचं दुर्लक्ष हा त्याचा दोष आहे. पण ज्याने त्या दुर्लक्षाचा आधीच हिशेब मांडून ठेवला, त्याला नंतर त्याच दुर्लक्षाआड लपता येणार नाही. मला फोन करणाऱ्या मुलीने ते भरभर वाचलं, कारण सावकाश वाचलं असतं तर मी ऐकलं असतं. त्या मुलीवरही माझा राग नाही. तिच्यापुढे महिन्याचं टार्गेट असणार, जसं आमच्या शाखेपुढे मार्चअखेर असे.

आपण जबाबदारीबद्दल बोलतो ते भाकरीबद्दल बोलल्यासारखं. एकाने मोठा तुकडा घेतला की दुसऱ्याला कमी उरणार. म्हणून ग्राहक सगळी जबाबदारी कंपनीवर ढकलतो, कंपनी ग्राहकावर, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याची चूक सिद्ध झाली म्हणजे आपण सुटलो. पण तसं होत नाही. मी न ऐकता ‘हो’ म्हणालो, ही माझी चूक पुरी शंभर टक्के माझी आहे. त्यांनी मी ऐकू नये अशा बेताने विचारलं, ही त्यांची चूकही पुरी त्यांची आहे. माझी कबुली त्यांच्या खात्यातला एक पैसाही कमी करत नाही.

दिवाणजींच्या बाबतीत हेच लावून बघतो तेव्हा अवघड होतं. त्यांनी न वाचता सही केली. एजंटने खोटं लिहिलं असेल किंवा नसेल. पण त्या प्रकरणात तिसरी सही माझी होती, नामंजुरीच्या पत्रावर. फाइलमध्ये मी लिहिलं होतं: प्रस्तावकाने माहिती दडवली. दडवायला हात लागतो. ‘लिहायचं राहिलं’ असं झालं असेल, ‘लिहू दिलं नाही’ असंही असेल. मराठीत एवढे सगळे शब्द असताना मी तोच निवडला, कारण त्याने काम सोपं होत होतं. दिवाणजींनी सही न वाचता केली होती. मी वाचून केली होती.

कंपनीला मी सविस्तर तक्रार लिहिली. त्यात एक वाक्य होतं: ‘मी नीट न ऐकता संमती दिली, ही माझी चूक आहे.’ मुलीने मसुदा वाचला आणि म्हणाली, “बाबा, हे काढून टाका. तुमचीच केस ढिली होईल.” मी ठेवलं. दीड महिन्याने उत्तर आलं. विमा बंद केला आहे आणि सदिच्छा म्हणून शेवटच्या तीन हप्त्यांचे १,०४७ रुपये परत करत आहोत. केस ढिली झाली ती त्या वाक्यामुळे की नाही, सांगता येणार नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं आहे. अर्ज भरून झाला आहे. ते वाक्य त्यातही आहे.

दुसऱ्या प्रकरणासाठी भरायला असा कुठला फॉर्म नाही. दिवाणजी आता नसतील, मुलगा पन्नाशीला आला असेल. त्याने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर न देता उलटा प्रश्न केला होता. तो फॉर्म कुणी भरलाय, ते मला दिसत होतं.