पाहणारा आणि पाहुणा

'पाहणे' आणि 'पाहुणा' हे दोन शब्द मराठीत अगदी शेजारी राहतात. व्युत्पत्ती जाणणारे सांगतील की, त्यांचे गोत्र एक नाही. 'पाहुणा' संस्कृतातल्या 'प्राघुण'च्या वंशातला, 'पाहणे' दुसऱ्या घरचे. असेल. पण शेजारधर्म म्हणून तरी या दोघांत काही देणेघेणे असावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याला कारण घारापुरीची सहल.

आमच्या श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टी गावी दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथे पाहणारे दोन जातीचे. एक बघ्या. तो दावणीपुढून हिंडतो, चांगल्या खोंडापाशी थबकतो, 'वा!' म्हणतो आणि पुढे जातो. दुसरे गिऱ्हाईक. ते दात पाहते, खूर पाहते, जनावर चालवून पाहते आणि मग किमतीला हात घालते. पाहण्याची तिसरी तऱ्हा मात्र बाजारात नाही, घरात सापडते. ती पाहुण्याची. पाहुणाही घर पाहतोच. पण आधी पाय धुतो, पाणी पितो, 'पाऊसपाणी कसं काय?' म्हणून विचारतो आणि निघताना पोराच्या हातावर काहीतरी ठेवतो. बघ्याला काहीच द्यायचे नसते. गिऱ्हाईक ठरलेली किंमत देते. पाहुण्याने काय द्यावे, हे मात्र कधीच ठरलेले नसते. दुसऱ्याच्या गावातले एखादे भव्य शिल्प पाहायला आपण जातो, तेव्हा या तिघांतले कोण होऊन जातो?

आम्ही काष्टीची आठदहा माणसे दौंडहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो आणि सकाळी गेटवे ऑफ इंडियापाशी लाँचमध्ये बसलो. तासाभराने बेट आले. लेण्यांकडे जायला शंभरावर पायऱ्या आहेत आणि ज्यांचे गुडघे बोलतात त्यांच्यासाठी डोलीवाले. खुर्चीला दांडे बांधून चौघे जण माणूस खांद्यावरून वर नेतात. आमच्या चुलत्यांचे, म्हणजे नानींचे, गुडघे फार बोलतात. आमच्या भावकीतले अण्णा जनावरांचे व्यापारी. त्यांनी डोलीचा भाव करायला सुरुवात केली, तो अस्सल शनिवारच्या थाटात. मला ते रुचेना. चार माणसांच्या खांद्यांची घासाघीस! मी तसे म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "अरे, भाव करतो म्हणजे त्याच्याशी दोन शब्द बोलतो तरी. न बोलता नोट फेकणारा लई मोठा लागून गेला का?"

त्यांचे म्हणणे मला अजून पुरते खोडता आलेले नाही. बेटावरची कितीतरी घरे पर्यटकांच्या पैशावर चालतात. गिऱ्हाईक येणेच बंद झाले तर नुसत्या पाहुणचाराने चूल पेटणार नाही.

पण गिऱ्हाइकाच्या पाहण्याला एक खोड असते. पैसे मोजले की वस्तू आपली झाली असे त्याला वाटते, आणि सत्ता हाती असली तर पैसेही मोजावेसे वाटत नाहीत. १५३४ मध्ये हे बेट पोर्तुगीजांकडे गेले. किनाऱ्यावरचा दगडी हत्ती पाहून त्यांनी याला 'एलिफंटा' म्हटले. लेण्यातला शिलालेख त्यांनी काढून पोर्तुगालला पाठवला, तो पुढे हरवला. सहाव्या शतकाच्या सुमारास डोंगर कोरून एवढे मंदिर कोणी घडवले, हे ठामपणे सांगणारा एक लेखही आज तिथे नाही. पुढे इंग्रजांनी तो हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला. १८६४ मध्ये उचलताना तो कोसळून फुटला. त्याचे तुकडे सांधून तो मुंबईत ठेवला आहे, राणीच्या बागेत. म्हणजे ज्याच्यावरून बेटाला ते नाव पडले, तोच बेटावर उरलेला नाही.

सुमारे १८ फूट उंचीच्या त्या त्रिमूर्तीपुढे मी उभा राहिलो. मधला चेहरा डोळे मिटून बसला आहे. भोवती शेकडो माणसे त्याच्याकडे पाठ करून हातातल्या फोनकडे पाहून हसत होती. तो कुणाकडेच पाहत नव्हता.

उतरताना नानींनी डोलीवाल्याला विचारले, "दादा, तुमचं गाव कंचं?"

"इथलंच. राजबंदर."

"मग शेवटची लाँच गेल्यावर रातच्याला हितं दिवाबत्ती असती का?"

तो हसला. म्हणाला, "आता असते, नानी. अठरा साली लाईट आली. आधी सांजचं जनित्र चालायचं थोडा वेळ. मग अंधारच."

ही लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. समुद्राच्या तळातून ७.५ किलोमीटरची केबल टाकून बेटावरच्या घरांत वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली ३१ वर्षे जगभरची माणसे इथे येऊन 'वा!' म्हणून गेली. त्यांना हा अंधार दिसला नाही, यात त्यांचा दोष काय? पाहणाऱ्याची लाँच दिवस मावळण्याआधी सुटते. पाण्यापलीकडे मुंबई रात्रभर झगमगत असे. ती पाहायला इकडच्या काठावर बेटाची माणसेच तेवढी असत.

नानींनी लेण्यात फारसे काही पाहिले नाही. त्रिमूर्तीला हात जोडले आणि एका खांबाला टेकून बसल्या. कोणता शिव कोणत्या भिंतीवर, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. पण अंधाराबद्दल विचारणाऱ्या आमच्यात त्या एकट्याच होत्या. पाहुण्याची नजर म्हणतात ती हीच असावी. ती वस्तूवर थांबत नाही. आपण गेल्यावर इथे मागे कोण राहते, तिकडे वळते. आणि ही रीत बाजाराला अगदीच परकी आहे असेही नाही. बैल विकून दावे दुसऱ्याच्या हाती देताना शेतकरी हळूच सांगतो, "जपा त्याला." पैसे तोवर चुकते झालेले असतात, हे बोलणे मात्र कोणत्याच पावतीत बसत नाही.

डोलीचा भाव अखेर ठरला होता त्याहून थोडे जास्तच अण्णांनी चौघांच्या हातावर ठेवले. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आता दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीही मुलाबाळांना घेऊन कुठे ना कुठे निघाल. जंजिऱ्याला होडीतून जाल, वेरूळला जाल, घारापुरीलाही जाल. तिकीट काढा, भाव करा, फोटो काढा. त्यात वावगे काही नाही. पण परत फिरण्यापूर्वी तिथल्या एखाद्या माणसाला एवढे जरूर विचारा : आम्ही गेल्यावर इथे संध्याकाळ कशी होते? आणि उत्तर ऐकायला मुलांनाही जवळ उभे करा.