लाल चौकोन

महागाव तालुक्यात एक छोटा दवाखाना होता. तिथे भिंतीवर डॅशबोर्डचा पडदा लागला. बाळंतपणं किती झाली, जंतुसंसर्ग किती जणींना झाला, नवजात बाळांचं तापमान किती, सगळं त्यावर दिसे. बाळाचं तापमान 36.5 अंशांखाली गेलं, की चौकोन लाल होई. पण महिनोन्‌महिने पडदा हिरवागार होता.

पौषात एक नवी सिस्टर रात्रपाळीला आली. ती प्रत्येक बाळाच्या काखेत तापमापक धरी आणि दिसेल तोच आकडा लिही. आठ दिवसांत रात्रीचे चौकोन लाल झाले.

जुन्या सिस्टर घाबरल्या. म्हणाल्या, "अगं, 36.5 लिहीत जा. उगाच वरून विचारणा होईल."

"ताई, आकडा बदलीन मी," ती म्हणाली, "पण बाळ गरम कसं होईल?"

डॉक्टरांनी लाल चौकोन पाहिले. त्यांनी कुणाला नोटीस दिली नाही. रात्री ते स्वतः प्रसूतिगृहात येऊन बसले. खिडकीची काच फुटलेली होती. तिच्याखालीच वजनकाटा होता. बाळ जन्मलं, की ओल्या अंगानंच आधी काट्यावर जाई. वर पंखा चालू होता.

"बाईला कळा देताना घाम येतो ना साहेब," मावशी म्हणाल्या, "म्हणून लावतो."

त्याच रात्री खिडकीला पुठ्ठा लागला. वजनकाटा तिथून हलवला. बाळ जन्मायच्या वेळी पंखा बंद होऊ लागला. बाळाला कोरडं पुसून आधी आईच्या उघड्या छातीशी ठेवू लागले, वर पांघरूण घालू लागले. वजन तासाभरानं. होळीपर्यंत चौकोन पुन्हा हिरवे झाले. या वेळी ते खरे होते.

ब्रिटिश परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही क्रिमियन युद्धातले मृत्यू मोजले आणि 1858 मध्ये रंगीत आकृत्यांतून मांडले. जखमांपेक्षा रोगराईनं मेलेले शिपाई कितीतरी जास्त होते. आपल्याच सैन्याच्या इस्पितळांतलं हे सत्य त्यांनी झाकलं नाही.

खोटा आकडा दवाखान्याचं नाव राखतो, खरा आकडा बाळ राखतो. मात्र खरं लिहिणाऱ्याला धाक नको, सोबत हवी. लाल चौकोन दिसताच वरिष्ठ जाब विचारायला नव्हे, तर मदतीला धावले, तरच माणसं खरं लिहितात.